कडक थंडी सुरू होण्याआधी गाडीची कोणती कामे करून घ्यावीत?

उंबरठा (प्रश्न)

माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक गाडी आहे. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना आहे आणि गाडीला आता सहा वर्षे झाली आहेत. गाडी जुनी घेतलेली असल्यामुळे बॅटरी शेवटची कधी बदलली याची नोंद माझ्याकडे नाही. येत्या हिवाळ्यापासून मला रोज पहाटे अशा रस्त्याने जावे लागणार आहे, जिथे पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो, आणि रात्री गाडी उघड्यावरच उभी राहणार आहे.

सगळा खर्च एकाच वेळी करणे शक्य नाही, म्हणून आधी काय करावे आणि कशावाचून भागेल, हे अनुभवी सभासदांनी सांगावे. त्याखेरीज दोन शंका आहेत. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, पाणी न मिसळता तसेच भरले तर ते गोठण्याची भीती उरत नाही, असे एका गॅरेजमध्ये सांगितले गेले. ते खरे आहे का? आणि सकाळी निघण्यापूर्वी इंजिन किती वेळ नुसते चालू ठेवावे?

वंगण

क्रम विचारलात म्हणून सरळ सांगतो: आधी टायर, मग बॅटरी, आणि बाकीचे सगळे त्यानंतर. टायरविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहू शकणारे सभासद इथे आहेत, म्हणून मी बॉनेटखालच्या गोष्टींपुरतेच लिहितो.

थंडीने बॅटरी गेली असे आपण म्हणतो खरे, पण पुष्कळदा तिला उन्हाळ्याच्या उष्णतेनेच आतून पोखरलेले असते आणि हिवाळ्यात ते फक्त उघडकीला येते. शून्याखाली १८ अंशांच्या आसपास नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि नेमके तेव्हाच ऑइल घट्ट झालेले असल्यामुळे इंजिन फिरवायला स्टार्टरला अधिक जोर लागतो. म्हणूनच एरवी कुरकुर न करणारी बॅटरी पहिल्या कडक थंडीच्या सकाळी एकदम हात टेकते. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सेल मारण्यापूर्वी, मल्टिमीटर लावून पाहा. १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दिसले तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे, १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मीच भरलेली आहे. मात्र व्होल्टेज ठीक दिसले म्हणजे बॅटरी निरोगी आहे असे होत नाही, कारण जुनी बॅटरी मीटरवर १२.६ दाखवते आणि स्टार्टरचा भार पडताच बसते. त्यामुळे भार देऊन तपासणी करून घेणे आवश्यक आहे. तिचे वय चार-पाच वर्षांच्या पुढे आहे असे आढळले, तर तुमच्या परिस्थितीत मी तपासणीच्या निकालाचीही वाट पाहणार नाही.

नवी घेताना बॅटरीवर छापलेला सीसीए हा आकडा पाहा. शून्याखाली १८ अंशांवर, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता, बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, हे त्यावरून कळते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापेक्षा तो कमी नसावा. उतरलेल्या बॅटरीतले पाणी मिसळलेले ॲसिड शून्याखाली सात-आठ अंशांवरही गोठू शकते, उलट पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीला तुमच्या थंडीत ती भीती नाही. गोठलेल्या किंवा फुगलेल्या बॅटरीला चार्जर किंवा केबल कधीही लावू नये.

टर्मिनलकडेही लक्ष द्या. धन टर्मिनलभोवती पांढरट-हिरवट, बोटाने चुरडता येईल अशी खरपुडी साचलेली दिसली, तर आधी ऋण आणि मग धन अशी दोन्ही टोके सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने ती घासून काढा, कोरडी करा, धन टोक आधी जोडून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. या कामात हातमोजे आणि चष्मा टाळू नका.

आता कूलंट. तुम्हाला सांगितले गेले ते चूक आहे, आणि चूकही अशी की नुकसान करणारी. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर मिश्रण सुमारे शून्याखाली ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण निव्वळ इथिलीन ग्लायकॉल शून्याखाली १३ अंशांच्या आसपासच गोठते. शिवाय पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेऊ शकत नाही. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर हेच प्रमाण ठेवा, किंवा आधीच पाणी मिसळून विकले जाते ते घ्या आणि त्यात आणखी पाणी घालू नका. याआधी कोणी नुसते पाणी भरून ठेवले असेल तर धोका मोठा आहे, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि तेवढ्याने रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला की मिश्रण किती अंशांपर्यंत टिकेल ते कळते. रंगावरून कूलंटचा प्रकार ठरवू नये, कारण रंगाला सर्वमान्य नियम नाही.

ऑइलच्या डब्यावर 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला प्रवाहीपणा दाखवतो. पाच-डब्ल्यू ऑइलची चाचणी शून्याखाली ३० अंशांवर होते, शून्य-डब्ल्यूची ३५ वर आणि पंधरा-डब्ल्यूची अवघ्या २० वर. पुस्तिका परवानगी देत असेल तर पाच किंवा शून्य निवडा.

इंजिन अर्धा ते एक मिनिट चालू राहिले की पुरे. उभ्या गाडीत ते फार सावकाश तापते आणि तोवर पेट्रोल विनाकारण जळत राहते. काचा साफ करून निघा, आणि तापमानाचा काटा जागेवर येईपर्यंत ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवा.

खाचनक्षी

वंगण यांनी टायर पहिल्या क्रमांकावर ठेवले, त्याचे कारण असे की बॅटरी गेली तर फार तर तुम्ही कामावर पोहोचणार नाही, पण टायर चुकीचे असतील तर गाडी थांबणार नाही.

उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्त्याला धरून राहत नाही. म्हणजे बर्फ पडलेला नसला, रस्ता कोरडा असला तरी फरक पडतो. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांवर आडव्या, केसासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फात रुततात. टायर घेताना त्याच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह आहे ना, हे स्वतः वाकून पाहा. ते चिन्ह बर्फावर चाचणी झाल्यानंतरच मिळते. नुसती 'एम अधिक एस' (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे मात्र कंपनी आपल्या मताने छापू शकते, त्यासाठी तशी चाचणी लागत नाही.

खर्चाची अडचण मी समजू शकतो, पण दोनच टायर घेऊन पुढे बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. पुढची चाके रस्ता धरतात, मागची धरत नाहीत, आणि वळणावर ब्रेक लावताच गाडीचा मागचा भाग फिरून पुढे येतो. घ्यायचे तर चारही घ्यावेत. पैसे कमी पडत असतील तर इतर सगळी कामे पुढे ढकला. जुने टायर घेणार असाल तर नक्षीची खोली मोजा. अनेक देशांत कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण बर्फावर ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर हिवाळी म्हणवून घेण्याच्या लायकीचा राहत नाही.

तापमान दर १० अंशांनी उतरले की टायरमधली हवा साधारण दीड पीएसआयने (हवेच्या दाबाचे माप) कमी होते, त्यामुळे शरद ऋतूत भरलेली हवा कडक थंडीत हमखास कमी भरते. गाडी चालवण्यापूर्वी, टायर गार असताना हवा तपासा. बर्फावर पकड वाढावी म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवण्याची पद्धत सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये.

चारही चाकांना ओढ असलेली गाडी घ्यावी का, असा प्रश्न अशा चर्चांमध्ये निघतोच, म्हणून आधीच सांगतो. त्या ओढीने गाडी निघते लवकर, थांबते मात्र इतरांइतकीच. निसरड्या बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतरही लागू शकते, आणि तिथे उपयोगी पडतो तो टायरच.

दहिवर

काचांबद्दल थोडे. वॉशरच्या टाकीत साधे पाणी राहिले तर ते गोठून टाकी, पंप किंवा नळी फुटते, म्हणून हिवाळी द्रव भरा आणि तो नोझलपर्यंत येईपर्यंत एकदा फवारून घ्या. नुसता टाकीत भरून चालत नाही, कारण नळीत जुने पाणी तसेच असते. वायपर काचेला चिकटलेले असताना बटण दाबले तर रबर फाटते किंवा मोटर जळते. रात्री गाडी बंद करण्यापूर्वी वायपर बंद केल्याची खात्री करा. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतणे हा काच तडकवण्याचा खात्रीचा उपाय आहे.

आतून काच धुरकट होत असेल तर हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण बंद करा आणि हीटरबरोबर एसीही चालू ठेवा. हिवाळ्यात एसी कशाला, असे वाटेल, पण तो हवेतला ओलावा काढून घेतो. पायाखालचे ओले गालिचे वाळवले नाहीत तर मात्र तोच ओलावा रात्री आतल्या बाजूने बर्फ होऊन बसतो.

गिअरपेटी

माझी गाडी डिझेलवर चालते, म्हणून जोडप्रश्न विचारतो. डिझेल गोठू नये म्हणून त्यात थोडे पेट्रोल मिसळावे, असे जुने चालक सांगतात. ते आज चालेल का?

वंगण

नाही. आजच्या कॉमन रेल, म्हणजे एकाच सामायिक नळीतून उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनात उच्च दाबाच्या पंपाचे वंगण डिझेलच करत असते, आणि पेट्रोल मिसळले की ते काम बिघडते. थंडीत डिझेलमधल्या मेणाचे कण वेगळे होऊन फिल्टर तुंबवतात. त्यासाठी हिवाळी डिझेल मिळते तेच भरा आणि उन्हाळ्यात भरलेले टाकीत शिल्लक ठेवू नका. फिल्टरमध्ये साचलेले पाणीही हिवाळ्याआधी काढून घ्या.

उंबरठा

सर्वांचे आभार. टायर चारही घेण्याचे ठरवले आहे, आणि बॅटरीची तपासणी याच आठवड्यात करून घेईन. गाडी वाटेत अडकली किंवा बॅटरी उतरली, तर सोबत काय असावे?

खाचनक्षी

फावडे, टॉर्च, घोंगडी, जाड हातमोजे, पाणी, चाकाखाली टाकायला थोडी वाळू, मोबाइलचा चार्जर आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करण्यासाठी जंपर केबल. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे अडकल्यावर काही काळ तरी हीटर चालवता येईल.

केबल जोडताना लाल टोक आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग दुसरे लाल टोक चालू बॅटरीच्या धन टर्मिनलला, काळे टोक चालू बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि शेवटचे काळे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावावे. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते, म्हणून ती लांब हवी. पुस्तिकेत यापेक्षा वेगळी जागा सांगितली असेल तर तिलाच मान द्या.

बर्फात अडकून हीटर चालू ठेवणार असाल, तर दर थोड्या वेळाने खाली उतरून एक्झॉस्टच्या तोंडाभोवतीचा बर्फ फावड्याने दूर करा. ते तोंड बुजले की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, आणि त्या वायूला वास नसतो.