लिफ्ट, लेथ, कॉम्प्रेसर दारात आला, पण खाली कसा घेतला? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

आपल्याकडे घराला लागून गॅरेज असणारे पुष्कळ आहेत. खाली शेड आणि वर राहणं, नाहीतर पार्किंगचंच वर्कशॉप. धंदा जरा वाढला की टू-पोस्ट लिफ्ट (गाडी उचलणारी, दोन खांबांची), टायर चेंजर, मोठा कॉम्प्रेसर, एखादा जुना लेथ बाहेरगावाहून मागवला जातो. मशीन कुठलं घ्यावं यावर सगळे भरभरून सांगतात. ते ट्रकमधून खाली कसं घ्यायचं यावर मात्र कोणी बोलत नाही, आणि हातपाय चेंगरायची भीती नेमकी तिथेच असते.

‘डोअर डिलिव्हरी’ म्हणजे गाडी दारापर्यंत येणार, एवढंच. तिथून पुढे माल खाली घेणं, आत नेणं, हमाली, क्रेन हे सगळं बहुतेक वेळा घेणाऱ्याकडे असतं. ऑर्डर देतानाच हे विचारून घेतलं नाही, तर भर उन्हात ट्रक दारात उभा, ड्रायव्हर घाईत आणि घरचे लोक हात लावायला पुढे, असं चित्र तयार होतं. ते टळावं म्हणून हा धागा काढतोय. भाव किती दिला यापेक्षा वजन किती होतं, जागा कशी होती आणि उतरवायला कोण होतं, हे लिहा. माझ्यापासून सुरुवात करतो.

जुळे सोलापूर, चारचाकीचं गॅरेज

माझी ४ टनी टू-पोस्ट लिफ्ट. ४ टन ही तिची उचलायची ताकद, तिचं स्वतःचं वजन सहा-सातशे किलो. दोन्ही खांब एकावर एक ठेवून, दोन्ही टोकांना लोखंडी फ्रेमने आवळलेले येतात. आर्म त्यातच बसवलेले, पॉवर पॅकचं खोकं वेगळं.

हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, सांगून ठेवला होता. ऑपरेटर वयाने मोठा, अनुभवी. आल्या आल्या खाली उतरला, फाटकाच्या आतली फरशी टाचेने ठोकून बघितली आणि विचारलं, “मालक, हौद कुठपर्यंत हाय?” आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी पार्किंगखाली हौद. त्याचा स्लॅब दुचाकीसाठी, फार तर कारसाठी धरलेला असतो. हायड्राचं नुसतं स्वतःचं वजनच दहा टनांच्या पुढे. त्याने माझ्याकडून हौदाची हद्द दाखवून घेतली, विटेच्या तुकड्याने फरशीवर रेघ ओढली आणि क्रेन रस्त्यावरच ठेवली. वरून घराची सर्व्हिस वायर जात होती, ती बंद करून घेतल्याशिवाय बूम वर काढायलाही तो तयार नव्हता. वायरमन येईपर्यंत सगळे चहा पीत बसलो. शेजारच्यांची कुरकुर झाली, पण त्या माणसाचं बरोबर होतं.

खांब फाटकाबाहेर टेकवले आणि खरं काम तिथे सुरू झालं. फ्रेमचे बोल्ट सोडले की वरचा खांब मोकळा होतो, तो कुठल्या बाजूला घसरेल याचा नेम नाही. ऑपरेटरने आधी वरच्या खांबाला पट्टा घालून क्रेनवर ताण घेतला, मग पाना लावू दिला. एकेक खांब सुटा झाल्यावर खाली पाइप टाकून आत ढकलत नेला, हौदाच्या स्लॅबवर जाड फळ्या अंथरून. लिफ्ट घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, ती फ्रेम ट्रकवर सोडू देऊ नका. लवकर होतंय, हलकं होतंय म्हणून हमाल तसा आग्रह धरतात.

भवानी पेठ, पंक्चर आणि सर्व्हिसिंग

आमच्या बोळात छोटा हत्तीसुद्धा वळत नाही. मोठ्या टाकीचा टू-स्टेज कॉम्प्रेसर होता. तो तोंडाशीच उतरवून बेल्ट गार्ड, बेल्ट, मोटार वेगळी केली, हेड, म्हणजे वरचा हवा दाबणारा पंपसुद्धा काढला आणि टाकी हातगाडीवर घातली. हमालांना एक गोष्ट बजावून सांगायला लागते, दोर टाकीच्या पायांना किंवा टाकीखालून घाला. हेडवरून टाकीकडे येणारी तांब्याची नळी धरायला सोपी दिसते, म्हणून हात आपसूक तिकडेच जातो. नळी जरा जरी वाकली तरी पुढे जोडातून हवा गळत राहते. आणि हेड आडवं करू नका, करायचंच असेल तर आधी तेल काढून घ्या.

अक्कलकोट रोड, लेथवर्क

लेथबद्दल लिहितो, कारण ते मशीन फसवं आहे. लांबीला ऐसपैस दिसतं, पण पुढे-मागे त्याची बैठक अरुंद आणि वजन सगळं वर. त्यातही हेडस्टॉककडची, म्हणजे गिअर आणि चक असतो ती बाजू जास्त जड. माझा जुना साडेसहा फुटी, टनाच्या आसपास. शेडपुढच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कारखाने, वर तारांचं जाळं, म्हणजे क्रेन विसरायची.

मी बोलावली ती माग हलवणारी टोळी. पूर्व भागात यंत्रमागाचं शेड बदलायचं म्हटलं की हीच माणसं येतात. त्यांना लोखंडाचं वजन डोळ्यांनी कळतं. मुकादमाला सगळे अण्णा म्हणत होते, आपसात बोलणं तेलुगूत. अण्णांनी आधी सॅडल आणि टेलस्टॉक हे बेडवर सरकणारे भाग हेडस्टॉकपासून लांब, पार मागच्या टोकाला नेऊन आवळायला सांगितले, म्हणजे तोल मधे येतो. मग लेथच्या पायांखाली दोन लांब लाकडी ओंडके बोल्टने बसवले, बैठक रुंद झाली. ट्रकच्या मागून दोन लोखंडी चॅनेल उतरते लावले. चेन पुली ट्रकच्या केबिनकडच्या बाजूला अडकवली, तिची साखळी लेथच्या बेडला. त्या साखळीने लेथ मागे ओढून धरायचा आणि एकेक कडी सोडत खाली आणायचा. साखळी लीडस्क्रूला (बेडच्या पुढच्या लांब आट्याच्या दांड्याला) लागू नये म्हणून मधे लाकडाचा ठोकळा.

माझा पुतण्या उतरणीच्या खालच्या बाजूला उभा राहून हात लावायला गेला. अण्णा एवढे शांत, पण तेव्हा मात्र ओरडले, “बाजूला हो! पडलं तर पडू दे, धरायचं न्हाई!” चॅनेलच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही आणि कलणाऱ्या मशीनला हात द्यायचा नाही, हे दोन नियम त्यांनी सगळ्यांकडून वदवून घेतले, तेव्हाच साखळी हलली. खाली आल्यावर पाइपांवरून सरकवणं सोपं. मागून सुटलेला पाइप उचलून पुढे आणणारा एकच माणूस ठेवला होता. तो पाइप मधोमध तळव्यात धरायचा आणि टोकाने ढकलून आत सारायचा, बोटं कधीच खाली जाऊ द्यायची नाहीत. ढकलणाऱ्यांचे हातही लेथच्या पायांपाशी, वरच्या भागाला कोणी ढकलायचं नाही. मोबदला त्यांनी मागितला तेवढा दिला, घासाघीस केली नाही. बोटं शाबूत ठेवणारं कसब आहे ते.

होटगी रोड, मिस्टरांचं टायरचं दुकान

टायर चेंजर आणि व्हील बॅलन्सर आला तेव्हा मिस्टर गावाला होते. मी आणि सासूबाईच घरी. ड्रायव्हर म्हणाला, “वहिनी, आधी सही करा, मग बघा.” खोक्याची एक बाजू चेचलेली होती. मी आधी फोटो काढले, मग बिल्टीच्या (ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या) त्याच्याकडच्या प्रतीवर ‘खोका फुटलेला, माल तपासून घ्यायचा आहे’ असं लिहिलं आणि त्याखाली सही केली. तो बराच वेळ हुज्जत घालत होता, मी मागे सरले नाही. आत बॅलन्सरचं झाकण तडकलं होतं. त्या ओळीमुळे पुढचं बोलणं सोपं गेलं आणि झाकण बदलून मिळालं. ट्रान्सपोर्टवाल्यावर नुकसानीचा दावा करायची वेळ आली, तर २००७ च्या कायद्याप्रमाणे माल बुक झाल्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत त्यांना लेखी नोटीस द्यावी लागते. हे मिस्टरांच्या वकील मित्राने सांगितलं, बायकांनी तर नक्की लक्षात ठेवावं. घरी आपणच असतो आणि सही आपल्याकडूनच घाईत घेतात.

उतरवताना हमाल बॅलन्सरचा शाफ्ट धरून उचलत होते, तो मी सोडायला लावला. चाक बसतं तो शाफ्ट जरासा जरी वाकला तरी मशीन मापं चुकीची दाखवतं. पुस्तिकेत चित्र काढून लिहिलेलं असतं.

शेळगी

काळ्या मातीचा प्लॉट असेल तर पावसाळ्यात मागवूच नका. आमच्याकडे हायड्राची चाकं रुतली, बाहेर काढायला दुसरी गाडी लागली. मशीन दोन दिवस ताडपत्रीखाली. आता मुरूम टाकून घेतलाय.

मार्केट यार्डाजवळून, आयशर चालवतो

गाडीवाल्याचंही ऐका. दिवसा जड वाहनांना शहरातल्या बऱ्याच रस्त्यांवर मनाई असते, वेळा बदलत राहतात. म्हणून आम्ही पहाटेचं मागतो, तर तुमचे हमाल नऊला येतात. संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर तर येताच येत नाही, तेव्हा तारीख तशी धरा. उन्हाळ्यात दहानंतर लोखंडाला हात लाववत नाही, हमालाची पकड सुटते, पहाटेचा आग्रह त्यासाठीसुद्धा.

माल ५० हजारांच्या वरचा आणि परराज्यातून असला की ई-वे बिल (जीएसटीचं माल-वाहतुकीचं ऑनलाइन बिल) लागतं, आणि ते २०० किलोमीटरला एक दिवस असं चालतं. तुम्ही “आज नको, परवा आणा” म्हणालात की मुदत आमच्या डोक्यावर.

सामान भरायच्या आधी पाठवणाऱ्याला फोन करून एवढं सांगा, की मशीन लाकडी पॅलेटवर बोल्ट करून द्या आणि उघड्या बॉडीच्या गाडीत भरा. बंद कंटेनरमध्ये वरून क्रेनचा हुक घालता येत नाही, मग टनाचं मशीन हाताने दारापर्यंत ओढत आणावं लागतं. आणि फाटकाची रुंदी मोजून ठेवा. मशीनची पुस्तिकेतली नको, पॅकिंगसकट विचारा.