पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) विकायच्या की रानातच कुट्टी (बारीक तुकडे) करायची?

काळं_रान (परभणी)
कापूस निघाला की आमच्या पट्ट्यात ब्रिकेटवाल्यांच्या (काड्या दाबून जळणाचे ठोकळे करणाऱ्यांच्या) ट्रॅक्टरच्या चकरा सुरू होतात. पऱ्हाट्या उपटून नेतात, रान मोकळं करून देतात, वर थोडे पैसेही मिळतात. बॉयलरला कोळशाऐवजी शेतातलं जळण, म्हणून याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. मला हे पटत नाही. चक्र म्हणायचं तर निघालेलं परत त्याच वावरात आलं पाहिजे. इथे कर्ब (कार्बन) धुरांड्यातून उडून जातो, पालाश (पोटॅश) राखेत उरतो आणि ती राख कारखान्याच्या मागे पडून राहते. माझ्या माती तपासणीच्या कार्डावर सेंद्रिय कर्ब जेमतेम 0.38 टक्के आणि सामू (पीएच) 8.2 आलाय. अशा चुनखडीच्या जमिनीत डीएपी खत टाकलं तरी त्यातला बराच स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधला जातो. कर्ब वाढल्याशिवाय हे सुधारणार नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे: पऱ्हाटी गावाबाहेर जाऊ देऊ नका, कुट्टी करून त्याच मातीत मिसळा.

कोरडवाहू (बीड)
विरोध. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते विसरलात का? ही अळी पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत बसते. जो पऱ्हाट्या लवकर उचलून नेतो तो माझं पुढचं पीक वाचवतो. दुसरं, हे लाकूड आहे. त्यात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पन्नासाहून जास्त भाग. कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि ऐन जुलैत पीक पिवळं पडतं. त्यासाठी जादा युरिया द्यायचा, श्रेडरचं (कुट्टी करणाऱ्या यंत्राचं) भाडंही भरायचं, आणि पाऊस दडी मारून बसला तर सगळं तसंच पडून. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, तिथे किती कर्ब टिकतो?

काळं_रान
बोंडअळीचं बरोबर आहे, पण धोका बांधावर रचून ठेवलेल्या ढिगाचा आहे. फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे चालू ठेवणं) न घेता डिसेंबरअखेर कापूस मोडला आणि लगेच बारीक कुट्टी केली तर अळीला थारा राहत नाही. नत्राचाही उपाय माहीत असलेला आहे. उसाच्या पाचटाला टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक सांगतात, तीच रीत इथे लावता येते. कुट्टी जानेवारीत झाली तर पेरणीपर्यंत पाच महिने मिळतात. पण ओल लागते, हे मान्य. पाण्याची सोय नसलेल्याला पहिल्या पावसापर्यंत थांबावं लागेल. उन्हाचं म्हणाल तर तिथे कर्ब लवकर जळतो, म्हणूनच दरवर्षी घालावा लागतो.

पेंड_बाजार (लातूर)
दोघंही काड्यांवर भांडताय. खरी गळती धान्याच्या कट्ट्यांतून आहे. एक क्विंटल सोयाबीन बाजारात गेलं की त्याच्यासोबत 6 किलोच्या वर नत्र जातं. त्यातलं बरंचसं मुळांवरच्या गाठींनी हवेतून घेतलेलं असतं, ते सोडा. पण अर्ध्या किलोच्या वर स्फुरद आणि दीड किलोच्या वर पालाश जातो, तो आपल्या जमिनीचाच असतो. एकरी आठ-दहा क्विंटलचा हिशेब तुम्हीच करा. आपण पालाश टाकतच नाही, कारण काळ्या जमिनीत तो भरपूर आहे असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. आणि देशात पोटॅश खत जवळजवळ सगळं बाहेरून येतं.

आता पुढचं नीट बघा. लातूरच्या गिरणीत त्या क्विंटलमधून साधारण 18 किलो तेल निघतं. तेल म्हणजे नुसता कर्ब, हायड्रोजन, ऑक्सिजन. त्यात जमिनीचं जवळजवळ काहीच नसतं. नत्र, स्फुरद, पालाश सगळं पेंडीत (तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यात) उतरतं, आणि ती पेंड ट्रक भरून दूरच्या पोल्ट्रीला किंवा परदेशात जाते. कोंबडीखत तिकडच्याच बागांना. कापसाचं उलट आहे: रुई म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, ती विकून जमीन फारशी रिकामी होत नाही. सरकीची पेंड गावच्या म्हशीनं खाल्ली तर शेणातून बरंच परत येतं. म्हणून माझं मत, पऱ्हाट्या खुशाल विका, पण तेल विका आणि पेंड इथेच जनावरं-कोंबड्यांना घाला. शेतकरी कंपन्यांनी आधी हे करावं.

काळं_रान
पेंडीचा मुद्दा पटला, तो मी धरलाच नव्हता. पण म्हणून पऱ्हाटी सोडू म्हणता ते नाही. पालाश पेंडीतून परत येईल, कर्ब कुठून आणाल? आणि जनावरं उरलीत किती? बैल गेले, ट्रॅक्टर आले, सोयाबीनची गुळीसुद्धा (मळणीतला भुसा) लोक वावरातच पेटवून देतात.

ठोक्यानं_करणारा (जालना)
तुमचं सगळं ज्याची जमीन त्याच्यासाठी आहे. मी ठोक्यानं (ठरलेली रक्कम देऊन) दुसऱ्याचं रान करतो, वर्षाच्या बोलीवर. मी कर्ब वाढवायचा आणि पाडव्याला मालकानं रान दुसऱ्याला द्यायचं? मला पऱ्हाटीचे आलेले पैसे बियाण्याला लागतात. गावोगाव ठोक्याचं आणि बटईचं (पिकाच्या वाट्यावरचं) रान किती वाढलंय ते बघा, मग कर्बावर बोला.

कोरडवाहू
यावर उत्तर द्या, काळं_रान. तुम्ही स्वतः कुणाला रान देत असाल तर पाच वर्षांची बोली कागदावर कराल? आणि श्रेडरचं भाडं मालक-कुळात अर्धं-अर्धं?

काळं_रान
माझं आठ एकर चुलतभावाकडे बटईनं आहे. अर्धं भाडं मी देईन, आणि जानेवारीत कुट्टी करायची ही अट त्याच्यासोबत लिहून घेईन. पाच वर्षांच्या बोलीला मात्र घरात विचारावं लागेल, सातबाऱ्यावर कुळाचं नाव लागायची भीती आमच्याकडेही आहेच.