प्रति: प्रश्नांचा मजकूर नावाने शोधणे
अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये प्रश्नाचा क्रमांक जोडून नाव तयार करावे आणि नावावरून मजकुराचा आकडी आयडी शोधणाऱ्या ‘गेटआयडेंटिफायर’ने स्ट्रिंग्जच्या (अ‍ॅपमधील मजकुराच्या) फाइलीतून प्रश्न उचलावा, ही या चर्चेत वर आलेली सूचना दहा-वीस प्रश्नांपुरती ठीक आहे, पण नाव सापडले नाही तर ही पद्धत तक्रार न करता ० परत करते आणि तोच आकडा आयडीवरून मजकूर आणणाऱ्या ‘गेटस्ट्रिंग’ला दिला की अ‍ॅप बंद पडते, हे येथे कोणी नोंदवलेले दिसत नाही. जलदुर्गांवरील प्रश्नमंजूषा करताना मला ते हर्णैच्या एका वर्गात, मुलांसमोरच कळले. सुवर्णदुर्गाच्या प्रश्नाच्या नावातील एक अंक माझ्याकडून गळला होता. शिवाय रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांना द्यायच्या अंतिम आवृत्तीत, न वापरलेले रिसोर्स (मजकूर, चित्रे वगैरे) काढण्याची सोय कडक पद्धतीवर ठेवली असेल, तर केवळ अशा जुळवलेल्या नावाने मागितलेला मजकूर निरुपयोगी समजून वगळला जातो.

त्यानंतर मी सर्व प्रश्न अ‍ॅसेट्समधील (अ‍ॅपसोबत जाणाऱ्या फाइलींच्या फोल्डरमधील) जेसन फाइलीत, म्हणजे माहिती नीट मांडून ठेवणाऱ्या साध्या मजकूर-फाइलीत, हलवले. आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज या दोहोंचाही भरवसा नसल्यामुळे नवी फाइल नेट असेल तेव्हाच उतरवून घेतो आणि ती शेवटपर्यंत वाचता आली, तरच जुन्या फाइलीऐवजी वापरतो.