आईला सीओपीडी आहे, पावसात चालणं बंद पडलंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी मूळ गोव्यातल्या वाळपईजवळच्या गावातली, नोकरीसाठी म्हापशाला असते, आई-बाबा गावीच. आई ६६ वर्षांची. गेल्या दिवाळीनंतर खोकला जाईचना, चार पायऱ्या चढली की धाप, म्हणून बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे नळीत जोरात फुंकायची टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री केली आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार निघाला. जन्मात विडीला हात लावला नाही तिने, घरातही कोणी ओढत नाही. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, चुलीवर किती वर्षं रांधलं? हिशेब केला तर तीसच्या वर.

आता गॅस आहे पण न्हाणीतलं भाण (आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं भांडं) अजून लाकडांवरच तापतं, आणि पावसात ती लाकडं ओली, धूर किती होतो ते गावच्या लोकांना सांगायला नको. गिझर बसवून दिला तरी पाचला उठून भाणाखाली जाळ घालतेच, म्हणते त्या पाण्याने आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. यावरून माझं आणि तिचं दोनदा भांडण झालं, मग मलाच रडू आलं.

पण खरा प्रश्न चालण्याचा आहे. डॉक्टर म्हणाले रोज चाला, धाप लागते म्हणून बसून राहिलात तर पायांतली ताकद जाते आणि मग थोड्याशा कामानेही जास्त धाप लागते. मे महिन्यापर्यंत देवळापर्यंत जाऊन यायची. पाऊस सुरू झाला आणि सगळं बंद, आता ती घाबरलीय, दम लागला की तिला वाटतं आता संपलं. शेजारच्या काकी येऊन सांगतात "तू हालू नको गो, पडून राहा", आणि पंपाची (इनहेलरची) सवय लागते असंही, त्यामुळे मध्ये दोन दिवस तिने पंप घेतलाच नाही. वजनही ४४ वरून ४१ वर आलंय, त्यात सोमवार आणि एकादशी सोडत नाही.

ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन बसलेली असताना ९३, घरात फेऱ्या मारल्या की ८९. अशा वेळी थांबवायचं की चालू द्यायचं? पावसाळ्यात तुम्ही घरच्यांना कसं चालवता? आणि चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आलीय, धूप, अगरबत्ती, फटाके, शिवाय नेवऱ्या (करंज्या) मीच करणार म्हणून बसलीय. तिला नाही कसं म्हणू?

प्रतिसाद – केपेची सून

ताई, माझ्या सासूबाईंना सहा वर्षं झाली, त्यांचंही चुलीमुळेच. ८९ चं उत्तर इथे कोणी देऊ नये, तिच्या डॉक्टरांना विचार की किती खाली गेलं तर थांबायचं. आमच्याकडे सहा मिनिटं चालवून टेस्ट केली होती आणि आकडा लिहून दिला होता, तीही विचारून बघ.

पावसात आम्ही राजांगणाच्या (घराच्या आतल्या चौकाच्या) कडेने फेऱ्या मारतो, सुरुवातीला पाच मिनिटं, मध्ये खुर्ची ठेवलेली. ती खुर्ची दिसली की त्यांची भीती अर्धी जाते. दोन मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा आणि दिवा फुंकताना करतो तसे ओठ करून चार मोजेपर्यंत हळू सोडायचा. दम नसताना शिकवा, ऐनवेळी सांगून जमत नाही.

पंप सोडू देऊ नका प्लीज, सवय वगैरे काही लागत नाही. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घ्यायचा आणि स्टिरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची. न्यूमोनियाचं इंजेक्शन आणि दर वर्षी फ्लूचं, डॉक्टरांना विचारून घ्या. जेवण एकदम नको, पोट गच्च भरलं की श्वासाला जागा राहत नाही. आम्ही दहाला पेज आणि अंडं देतो, दुपारी शीत-कडी (भात-आमटी) थोडीच, परत चारला काहीतरी.

नेवऱ्या करू दे की! टेबलाशी बसून कोपर टेकवून भरायच्या, पुढे वाकून हात टेकले की श्वासाला आराम पडतो. तळायचं काम तू घे आणि त्या वेळी तिला बाहेर सोप्यावर बसव. धूप मात्र ती असलेल्या खोलीत नकोच.

धागालेखिका

खूप आधार वाटला ताई. टेबलाचं आत्ताच फोनवर सांगितलं, तर म्हणते मग सारणही मीच करणार, म्हटलं कर. भाणाचं मात्र अजून ऐकत नाही, कोणाच्या घरी कशाने सुटलं असेल तर लिहा. शनिवारी गावी जातेय, सहा मिनिटांच्या टेस्टचं सोमवारी डॉक्टरांना विचारते.