मदत हवी आहे: पुरात बुडालेली रॅले, अडकलेली कॉटर पिन आणि दत्तजयंतीची वाडी

हाफपायडल:

नमस्कार मंडळी,

प्रश्न सायकलदुरुस्तीचा आहे, पण सुरुवात प्रदर्शनापासून करावी लागेल, कारण खाज तिथेच सुटली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी इथे सांगलीत एका शाळेच्या मैदानावर सायकलींचं प्रदर्शन होतं. लेकाला गिअरची सायकल बघायची होती म्हणून गेलो. एका मांडवात सगळ्या नव्या. कार्बनची एक सायकल पोरं दोन बोटांवर उचलून फोटो काढत होती, आणि विक्रेता मला (वय 46, गुडघे तक्रारखोर) बॅटरीची सायकल गळ्यात मारायच्या मागे होता. दुसऱ्या टोकाला जुन्या सायकली होत्या. तिथे एक हिरवी रॅले होती, तिच्या चेनव्हीलमध्ये (पायडलजवळच्या दातेरी चाकात) कापलेले तीन बगळे दिसले आणि मी तिथेच थांबले. हेच तीन बगळे आमच्या जिन्यात चिखलाखाली आहेत!

ती अण्णांची सायकल. नोकरीत होते तोवर दर पौर्णिमेला तिच्यावरून नृसिंहवाडीला जायचे. मी दांड्याच्या मधून पाय घालून हाफ पायडल शिकले ती तिच्यावरच. 2019 च्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी शिरलं तेव्हा सायकल तळमजल्यावर राहिली. आम्ही गॅस, कागदपत्रं आणि आजीला वर नेलं, सायकल कोणाच्या डोक्यात येणार? पाणी ओसरल्यावर नळाखाली धुतली, जिन्यात उभी केली आणि विसरलो. भंगारवाला दोनदा विचारून गेलाय.

प्रदर्शनातल्या त्या रॅलेवाल्या काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पायडल फिरतं का?" म्हटलं, नाही. "मग आधी कॉटर पिन काढा, बाकीचं नंतर बोलू."

पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) मधल्या आसावर पक्का धरणारी पाचर, निघत नाहीये. चौकातल्या एका दुकानात नेली. ओव्हरऑइलिंग करून देतो म्हणाले, त्यांनी तीन-चार घाव घातले, पिनेचं शेपूट वाकवलं आणि "ताई, नवीन घ्या" म्हणून परत दिली.

पाडवा परवाच झाला, म्हणजे दत्तजयंतीला सहा आठवडे आहेत. त्या दिवशी याच सायकलवरून वाडीला जायचं मनात आहे. जाऊन-येऊन पंचेचाळीसेक किलोमीटर होतील. तर पिन कशी काढू? इतके दिवस पाण्यात राहिलेल्या फ्रेमवर भरवसा ठेवावा का? आणि सहा आठवड्यांत माझी तयारी होईल का? रोजचं चालणं आहे, सायकल वीस वर्षांत नाही.

नवा_गिअर:

ताई, भावना समजू शकतो, पण तेवढ्या खर्चात आणि मनस्तापात 21 गिअरची येईल. जुनी भिंतीला शोभेला टांगा.

हाफपायडल:

भिंत भाड्याची आहे हो.

छर्रे_आणि_ग्रीस:

आधी हातोडी खाली ठेवा. मिरजेत काकांच्या दुकानात माझी शाळेची प्रत्येक सुट्टी गेली आहे, त्या जोरावर सांगतो.

चार दिवस सकाळ-संध्याकाळ पिनेच्या दोन्ही टोकांना डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण थेंब थेंब सोडा. मग लोखंडी पाइपचा एक तुकडा घ्या. पिनेचं डोकं आत मावेल एवढा रुंद आणि जमिनीपासून क्रँकपर्यंत नेमका बसेल एवढा उंच. क्रँक त्यावर टेकवा, सायकलचा भार पाइपवर आला पाहिजे. आधाराशिवाय मारलं तर घाव पिनेला लागतच नाही, तो आतल्या छर्ऱ्यांना आणि ते ज्यात फिरतात त्या कपला लागतो आणि कपात खड्डे पडतात. तुमच्या दुकानदाराने तेच केलं असणार. हातोडी जड हवी आणि घाव एकच, पण पुरता. हलक्या हातोडीने टकटक केली की शेपूट फुलतं आणि पिन आणखी घट्ट होते. तरीही हटली नाही तर ड्रिलने पोखरून काढा. पिनेची दया करू नका, नवी स्वस्तात मिळते. बगळेवाला क्रँक मिळत नाही.

एक फार महत्त्वाचं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची रॅले असेल तर बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस बसतो ती जागा) कपाचे आटे इंचाला 26 असतात, इतर बहुतेक सायकलींचे 24. दुकानदार "बसवतो की" म्हणत दुसरा कप दाबून फिरवेल आणि फ्रेमचे आटे कायमचे जातील. जुने कप घासलेटमध्ये धुऊन तेच वापरा, छर्रे मात्र सगळे नवे घाला.

फ्रेमसाठी सीटचा दांडा उपसून टॉर्चने आत बघा, सायकल उलटी करून गाळ झटका. मग बीबीच्या आसपासच्या नळ्यांवर पान्याने हलकं वाजवत जा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजून गंजाचे पापुद्रे पडले तर त्या फ्रेमवर बसू नका. फॉर्क वरून जिथे जोडलाय ती जागाही नखाने खरवडून बघा.

दांड्याचे ब्रेक (तारेऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे) रिमच्या आतल्या अंगाला खालून टेकतात. त्यामुळे आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढताना चाक डावी-उजवीकडेच नाही, वर-खाली उडतंय का तेही बघायला सांगा. ओल्या लोखंडी रिमवर हे ब्रेक नावालाच असतात. तुमचा रस्ता सपाट आहे, चालून जाईल.

टायर 28 × 1½ मागा, खेड्यातल्या दुकानातही मिळतो. नव्या शोरूममध्ये 28 इंची म्हणून 700सी मापाचा हातात ठेवतील. तो रिमवर बसत नाही.

जयसिंगपूरकर:

सायकलपेक्षा रस्त्याचं बघा. दत्तजयंती म्हणजे ऐन गळीत हंगाम. अंकली, उदगाव, जयसिंगपूर, शिरोळ, सगळीकडे उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, वर गाण्यांचा दणका, त्यामुळे मागच्याचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही. मागची ट्रॉली झोल खाते आणि बाहेर लोंबणारा ऊस बरोबर आपल्या खांद्याच्या उंचीवर येतो. ट्रॅक्टरला ओलांडायला जाऊ नका, तो येताना दिसला की उतरून बाजूला उभ्या राहा. पहाटे पाचला निघा, मागे लाल दिवा आणि आरसा लावा. पंक्चरचं सामान बरोबर ठेवा, कडेला बाभळीचे काटे आहेत.

तयारीचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड दहा किलोमीटर. मग रविवारी वीस, तीस असं वाढवा. एकदम उड्या नकोत. सीट थोडी वर घ्या, बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवायची हौस गुडघ्यांना नडते.

आणि परत येताना बासुंदी खाऊन लगेच सायकलवर बसू नका. अनुभव आहे.

हाफपायडल:

सगळ्यांचे आभार. ताजी खबर.

पाचव्या दिवशी उजवी पिन निघाली. पाइप नळाच्या कामातून उरलेला होता, हातोडी शेजारच्या गवंड्याची आणि घाव लेकाचा. डावी पोखरावी लागली. सायकल उलटी करून झटकली तर वर्तमानपत्रावर ओंजळभर बारीक, करडा गाळ पडला. आई म्हणाली, "टाकू नको, कुंडीत घाल." फ्रेम वाजते आहे खणखणीत. चामड्याची सीट मात्र पापड झालीय, ती बदलणार.

आता नवीन अडचण. दोन्ही पिना नव्या बसवल्या, पण पायडलं एका रेषेत येत नाहीत. एक बाराला, तर दुसरं साडेपाचला.

छर्रे_आणि_ग्रीस:

दोन्ही पिना एकाच बाजूने घातल्यात. क्रँक सारख्याच स्थितीत, म्हणजे एकदा हा आणि एकदा तो खाली असताना बघा. एकीचा नट पुढे येत असेल तर दुसरीचाही पुढेच यायला हवा. तरी फरक राहिला तर पिनेची सपाट बाजू कानशीने घासा, थोडी थोडी, दर वेळी बसवून बघत. आणि पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, ढिला होतोच.

हाफपायडल:

डावी उलटी होती! आता सरळ आहेत. उद्या सकाळी अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन येते. लेक मागून स्कूटरवर, खिशात पाना.