अधिवेशनात प्रश्न लावला तर निकाल लागतो का?

बांधावरचा
मंडळी, धाकटी बहीण यंदा बीएस्सी झाली. म्हणजे झाली असं आम्हीच समजतोय. सहाव्या सत्राचे सगळे पेपर दिले, पण निकालात ऑरगॅनिक केमिस्ट्रीपुढे 'गैरहजर'. हॉलतिकिटावर त्या दिवशीची सुपरवायझरची सही आहे. कॉलेज म्हणतं विद्यापीठात जा, विद्यापीठाची खिडकी म्हणते कॉलेजचं पत्र आणा. दोनदा एसटीने जाऊन आलो. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागायला गेलो, तर गैरहजर मुलीला पोर्टलवर तो विषयच दिसत नाही. एमएस्सीचे प्रवेश सुरू झालेत.

काल आमदारांच्या पीएंना भेटलो. "काळजी करू नका, अधिवेशनात तारांकित लावतो," म्हणाले. तारांकित म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न म्हणे. आईला तेवढ्यानेच हुरूप आलाय. खरंच काही होतं का त्याने? की माहिती अधिकार टाकू?

खिडकी नंबर चार
एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ अशा प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तारांकित प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे जातो. तिथून पुण्याला संचालनालय, मग सहसंचालक, मग विद्यापीठ. आमच्या टेबलावर यायचा तेव्हा वर लाल शाईत 'विधिमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे' असं लिहिलेलं असायचं आणि उत्तर त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत हवं असायचं. शनिवार असला तरी. एरवी तीन महिने न सापडणारा गठ्ठा त्या दिवशी दुपारी दोनला सापडतो, हे मी स्वतः पाहिलंय. सापडवलाय म्हणा ना.

पण उत्तर कसं लिहिलं जातं तेही बघा. प्रश्न ठरलेल्या साच्यात असतो: अमुक निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास चौकशी केली आहे काय? नसल्यास विलंबाची कारणे काय? आमचे साहेब पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "'हे खरे आहे' कधी लिहायचं नाही. 'हे अंशतः खरे आहे' लिहायचं." आणि शेवटच्या मुद्द्यापुढे 'प्रश्न उद्भवत नाही'. ही दोन वाक्यं मी किती वेळा टाईप केली असतील त्याला गणती नाही. शिवाय यादीतल्या मोजक्याच प्रश्नांवर सभागृहात तोंडी चर्चा होते, बाकीच्यांची उत्तरं नुसती छापून पटलावर येतात. मंत्र्यांनी "तपासून कारवाई करू" म्हटलं तर ते आश्वासन ठरतं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. करते हं, खरंच करते. पण असं एक पत्र माझ्या हातात आलं तोवर ज्या मुलाचा विषय होता त्याला पोर झालेलं.

तेव्हा एका मुलीच्या निकालासाठी तारांकितवर विसंबू नका. तो 'गैरहजर दाखवलेले किती विद्यार्थी' असा आकडा बाहेर काढायला चांगला. तसा प्रश्न लावायला सांगा, आणि तोही तुमच्या भागातल्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांना. विधान परिषदेत दोन्हींच्या सात-सात जागा आहेत, त्यांचं निम्मं काम हेच.

हाताशी कायदाही आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात, कलम ८९, निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न आणि काही झालं तरी ४५ दिवसांत लावलाच पाहिजे असं आहे. उशीर झाला तर कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना, कारणं कळवावी लागतात. २०१७ ला मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन, म्हणजे संगणकावरची, तपासणी फसली, विषय विधिमंडळात गाजला, राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तरी निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं. मुलांचं वर्ष गेलं ते गेलंच.

तास दुसरा
खिडकीसाहेबांना नमस्कार. मी सुपरवायझर म्हणून उभी राहते, त्यामुळे माझे दोन शब्द. प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे परीक्षेच्या खोलीचा, स्वाक्षरीपट असतो. त्यावर बैठक क्रमांक, उत्तरपत्रिकेचा क्रमांक आणि मुलीची सही. त्याची एक प्रत कॉलेजात राहते. ती बघा आधी. उत्तरपत्रिकेचा क्रमांक उतरवताना चूक होते, किंवा बारकोडचं स्टिकर दुसऱ्याच पेपरचं लागतं. पेपर तपासलेला असतो, गुण बेवारस पडून असतात.

तिरकस
आमदार, खासदार, समित्या... चालू द्या. देशभरच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या एनटीएचं काय झालं? २०२४ ला नीटचा घोळ, मग प्राध्यापकपदाच्या पात्रतेची यूजीसी नेट १८ जूनला घेतली आणि १९ ला रद्द केली. संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने २०२५ च्या डिसेंबरात अहवालात लिहिलं, २०२४ च्या १४ परीक्षांपैकी किमान पाचांत मोठ्या अडचणी आल्या. हेही लिहिलं की सहा वर्षांत संस्थेकडे ४४८ कोटी शिल्लक राहिले. फी कुणाची? आपल्याच पोरांची. आणि समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

खिडकी नंबर चार
@तिरकस, नसतात, कबूल. पण तो ४४८ चा आकडा तुम्हाला आज तोंडपाठ आहे तो समितीने विचारला म्हणूनच ना?

@बांधावरचा, माहिती अधिकार टाकाच. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागतील, म्हणून प्रवेशासाठी त्याची वाट बघू नका. तो अर्ज मागून रेटा द्यायला. पुढे चालायला ताई म्हणतात तो स्वाक्षरीपट.

बांधावरचा
तीन दिवसांनी लिहितोय. कॉलेजात स्वाक्षरीपट मिळाला, क्लार्कने आधी "नसतो तसला कागद" म्हटल्यावर. बहिणीची सही आहे. उत्तरपत्रिकेच्या क्रमांकात शेवटून दुसरा आकडा हॉलतिकिटावर ७, पटावर १. एवढंच. प्राचार्यांचं पत्र आणि दोन्हींच्या झेरॉक्स घेऊन विद्यापीठात इनवर्ड करून आलो, शिक्क्याची पोच घेतली. माहिती अधिकारही टाकला. पीएंचाही फोन आला, प्रश्न गेलाय म्हणे. आई विचारते टीव्हीवर कधी दाखवणार. आता परत कधी जाऊ?

खिडकी नंबर चार
सोमवारी. अकराच्या आत पोचा, नंतर साहेब मीटिंगला बसतात. पोच सोबत ठेवा, पण ओरिजिनल कुणाच्या हातात देऊ नका.