अ‍ॅडमिरलच्या खांद्यावर राजमुद्रेचा अष्टकोन: मान की नुसती मिरवणूक?

खांदेपालट:
४ डिसेंबर २०२३ ला मालवणात नौदल दिन झाला. नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यांवर आता शिवरायांच्या वारशाची छाप दिसेल, असं पंतप्रधानांनी तिथे जाहीर केलं. महिना सरायच्या आत अ‍ॅडमिरल मंडळींची नवी एपॉलेट्स, म्हणजे खांद्यावरच्या हुद्द्याच्या पट्ट्या, आली. सोनेरी बटण, राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, त्यात तलवार आणि दुर्बीण, शिवाय तारे.

मला हे पटलेलं नाही. महाराज नकोत असं अजिबात नाही, पण खांदा ही हुद्दा ओळखायची जागा आहे. दोन तारे रिअर अ‍ॅडमिरल, तीन व्हाइस अ‍ॅडमिरल, चार अ‍ॅडमिरल. लांबून एवढं दिसलं की झालं. त्या अष्टकोनातली दुर्बीण बघायला आणखी एक दुर्बीण लागेल! २००१ मध्ये नौदलाच्या ध्वजावरचा जॉर्जचा क्रॉस, म्हणजे इंग्लंडच्या झेंड्यातली लाल फुली, काढून निळं बोधचिन्ह घातलं होतं. समुद्र-आभाळाच्या निळ्यात ते उठून दिसेना, म्हणून २००४ मध्ये क्रॉस परत आणावा लागला. हौसेपुढे नजरेचा विचार मागे पडला की असं होतं.

दर्यावर्दी:
तारे कुठे काढलेत? हुद्दा त्यांच्यावरूनच कळणार, पूर्वीसारखाच. आणि ध्वजाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत या विमानवाहू नौकेवर जो नवा ध्वज आला, त्यावर गडद निळा अष्टकोनच आहे, सोनेरी काठाचा, पांढऱ्यावर. चांगला दिसतो.
१९५० मध्ये भूदलाच्या खांद्यावरचा राजमुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले, तीही मिरवणूकच का?

खांदेपालट:
मुकुट परक्या राजाच्या चाकरीचा शिक्का होता, तो जायलाच हवा होता. पण ‘गुलामीची मानसिकता’ झटकायला अष्टकोन आणला, हे कारण इथे देऊ नका. लोणावळ्याच्या नौदल संस्थेला ‘शिवाजी’ हे नाव १९४५ मध्ये मिळालं, म्हणजे इंग्रजांच्याच अमलात. मुंबईच्या नौदल तळाचं ‘आंग्रे’ हे नाव १९५१ चं. महाराज आणि कान्होजी नौदलात कधीचेच आहेत. आणि भूदलातल्या मेजर जनरलच्या खांद्यावर तलवारीला आडवं बेटन, म्हणजे सेनापतीची आखूड काठी, आहे, ते कुठल्या गडावर सापडलं?

बेळगावकर:
नौदल खांद्यावर चढवतंय आणि भूदल उतरवतंय. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरची लेनयार्ड, म्हणजे आमची डोरी, बंद झाली. या अधिकाऱ्यांच्या बेरेट टोपीचा रंग, बॅजेस, बक्कल, सगळं एकसारखं, रेजिमेंट कुठलीही असो. कारण चुकीचं नाही. मुख्यालयात बसलेला माणूस सगळ्या पलटणींचा असतो, त्याने एकाच पलटणीची खूण का मिरवावी? तरी मनाला लागलंच. माझे काका सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची डोरी अजून ट्रंकेत, पेपरात गुंडाळलेली. मुलांनी हात लावलेला खपत नाही. म्हणून ‘खांदा फक्त हुद्द्याचा’ हे मला मान्य नाही, खांदेपालटराव. डोरीवरून हुद्दा कुठे कळतो?
(ही डोरी गेली तेव्हा मात्र कुणी धागा काढला नव्हता.)

दर्यावर्दी:
बेळगावकर, +१. शेवटच्या कंसाला आणखी एक.

खांदेपालट:
काकांची डोरी पलटणीत राहून कमावलेली होती. अष्टकोन वरून वाटलेला आहे. फरक आहे की नाही?

बेळगावकर:
मलाही भरतीनंतर ती स्टोअरमधूनच मिळाली, सही करून. कमावलेली नंतर वाटायला लागली. अष्टकोनालाही वीस वर्षं द्या.

खलाशी_निवृत्त:
सगळी चर्चा अ‍ॅडमिरलांची! लेफ्टनंटपासून कॅप्टनपर्यंतच्या सोनेरी पट्ट्यांमधल्या वरच्या पट्टीचा गोल वेढा अजून ब्रिटिश पद्धतीचाच आहे, तो कुणाला दिसत नाही का? त्याच मालवणच्या भाषणात हुद्द्यांची नावंही भारतीय परंपरेप्रमाणे करणार म्हणून सांगितलं होतं. आधी त्याचं बोला. गावात ‘पेटी ऑफिसर होतो’ म्हटलं की लोक विचारतात, कसली पेटी?